मोटारीआधीची बग्गी

मोटारगाडीचा वंश सांगताना आपण इंजिनापासून सुरुवात करतो. जर्मनीत कार्ल बेन्झने १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले आणि तिथून मोटारीचे युग सुरू झाले, असा हा परिचित क्रम. यंत्रापुरता तो बरोबर आहे. पण मोटार हा एक प्रचंड धंदाही आहे. सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने, गावोगावचे विक्रेते, एकाच कंपनीची वेगवेगळ्या किमतीची आणि नावांची मॉडेले, हे सारे त्या धंद्याचे अंग. या धंद्याचा वंश शोधत गेलो, तर आपण बेन्झच्या कार्यशाळेत पोहोचत नाही. आपण पोहोचतो ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, फ्लिंट नावाच्या गावी, घोड्याच्या एका हलक्या दुचाकी गाडीपाशी. सालही तेच, १८८६.

त्या गाडीच्या मागे लागलेला माणूस होता विल्यम क्रेपो ड्युरँट. त्याचा जन्म १८६१ सालचा, बॉस्टनमधला. आईचे वडील हेन्री क्रेपो यांनी फ्लिंटमध्ये लाकूड कापण्याच्या गिरण्यांवर मोठी संपत्ती कमावली होती आणि ते मिशिगनचे गव्हर्नरही झाले होते. ड्युरँट लहानपणीच आईबरोबर फ्लिंटला आला. शाळा त्याने अर्ध्यात सोडली. आजोबांच्या लाकडाच्या वखारीत काम केले, औषधे विकली, सिगार विकले, विमा विकला, गावाची पाणीपुरवठा कंपनी सांभाळली. विकायला काय आहे याला त्याच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. माल चांगला असला की तो स्वतःच गिऱ्हाईक ओढतो, विक्रेत्याने तो फक्त लोकांपुढे नेऊन उभा करायचा, असे त्याचे मत होते.

एके दिवशी घाईत असताना त्याला एका मित्राने आपल्या दुचाकी गाडीतून सोडले. अशा गाड्या तेव्हा स्वस्त होत्या आणि बदनामही. घोडा दुडक्या चालीने निघाला की त्याच्या अंगाचा हेलकावा दांड्यांमधून थेट बैठकीपर्यंत यायचा आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायची. या गाडीत मात्र बैठक वेगळ्या रीतीने स्प्रिंगांवर बसवलेली होती आणि धक्का जाणवत नव्हता. ती कोल्डवॉटर नावाच्या गावी तयार होते हे कळताच ड्युरँट तिथे गेला आणि पेटंटासह तो धंदा त्याने दीड हजार डॉलरला ठरवून टाकला. खिशात पैसे नव्हते. फ्लिंटला परतून त्याने बँकेकडून कर्ज काढले. लोखंडी सामानाच्या दुकानातला तरुण मित्र डॅलस डॉर्ट याला भागीदार केले आणि ‘फ्लिंट रोड कार्ट कंपनी’ उभी राहिली.

इथे ड्युरँटने जे केले, त्यातच पुढच्या मोटारधंद्याची रीत दिसते. कारखाना उभारण्याआधी तो एक गाडी घेऊन विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या प्रदर्शनात गेला. तिथे गाडीला पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. शेकडो गाड्यांच्या मागण्या हातात घेऊन तो घरी आला आणि मग त्या गाड्या बनवणार कोण, हा प्रश्न घेऊन गावातल्या विल्यम पॅटरसन या अनुभवी गाडीवाल्याकडे गेला. आधी मागणी, मग उत्पादन. आणि उत्पादन शक्य तोवर दुसऱ्याच्या कारखान्यात. पहिल्याच वर्षी सुमारे ४,००० गाड्या विकल्या गेल्या.

पण दुसऱ्यावर विसंबण्याची किंमतही त्याला लवकर कळली. आपणच बनवलेल्या गाड्या थेट विकाव्यात असे पॅटरसनलाही वाटू लागले. मग ड्युरँट आणि डॉर्ट यांनी स्वतःचे कारखाने घातले, आणि हळूहळू गाडीचा एकेक अवयव आपल्या ताब्यात आणला. चाकांसाठी वेगळी कंपनी, आसांसाठी वेगळी, रंग आणि व्हार्निशसाठी वेगळी. आऱ्यांना लागणारे हिकोरीचे चिवट लाकूड मिळावे म्हणून जंगलेसुद्धा विकत घेतली. १८९५ साली कंपनीचे नाव ‘ड्युरँट-डॉर्ट कॅरेज कंपनी’ झाले. शतक पालटताना ती वर्षाला ५०,००० च्या आसपास वाहने बाहेर काढत होती. प्रदर्शनातल्या त्या निळ्या फितीच्या नावाने ‘ब्लू रिबन’ हा माल देशभर ओळखला जाई, आणि त्याखेरीज निरनिराळ्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांसाठी निरनिराळ्या नावांच्या बग्ग्या होत्या. फ्लिंटचे लोक आपल्या गावाला ‘व्हेइकल सिटी’ म्हणत आणि हे नाव त्यांनी मुख्य रस्त्यावरच्या कमानींवर झळकवले. त्या नावातले वाहन घोड्याचे होते, हे आज सहज विसरले जाते.

याच कारखान्यात चार्ल्स नॅश नावाचा एक तरुण गाद्यांमध्ये भर घालण्याच्या कामावर लागला. लहानपणी त्याला एका शेतकऱ्याकडे करारावर राबायला ठेवले गेले होते आणि तो तिथून पळून आला होता. बग्गीच्या कारखान्यात तो पायरी पायरीने वर चढत गेला. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

मोटार आली तेव्हा ड्युरँटला ती आवडली नव्हती. आवाज, धूर, बुजणारे घोडे, या सगळ्याचा त्याला तिटकारा होता. त्याला मोटारीकडे ओढले ते त्याच्याच गावच्या प्रतिस्पर्धी गाडीवाल्यांनी. डेव्हिड ब्यूइक हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला डेट्रॉइटचा नळ-मोऱ्यांच्या सामानाचा कारखानदार. बिडाच्या न्हाणीटबांवर पांढरा मुलामा चढवण्याच्या पद्धतीतून त्याने पैसा मिळवला आणि तो इंजिनांवर घालवला. त्याच्या कार्यशाळेतल्या इंजिनात झडपा सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेल्या होत्या. त्यामुळे ज्वलनाची जागा आटोपशीर राहून तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद मिळे. इंजिन उत्तम, पण पैसा संपलेला. १९०३ साली फ्लिंट वॅगन वर्क्सच्या मंडळींनी ही कंपनी विकत घेऊन फ्लिंटला आणली, आणि वर्षभरात तिने त्यांनाही जेरीस आणले. तेव्हा त्यांना बग्ग्यांचा सर्वांत यशस्वी विक्रेता आठवला.

ड्युरँटने १९०४ मध्ये एक ब्यूइक मागून घेतली आणि ती फ्लिंटच्या चिखलातून, चढांवरून मुद्दाम दामटली. बिघाड झाला की दुरुस्त करून पुन्हा हाकली. गाडी त्याच्या कसोटीला उतरली. नोव्हेंबरात त्याने ब्यूइकची सूत्रे हाती घेतली. त्या वर्षी कंपनीने जेमतेम ३७ गाड्या बनवल्या होत्या. जानेवारी १९०५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात गेला आणि १,१०८ गाड्यांच्या मागण्या घेऊन परतला. मॅडिसनची गोष्ट पुन्हा घडली होती, फक्त घोडा गळाला होता.

बाकीचेही बग्गीतूनच आले. ब्यूइकची जुळणी सुरुवातीला जॅक्सन गावातल्या ड्युरँट-डॉर्टच्या चाकांच्या रिकाम्या कारखान्यात झाली. गाडीचे साटे फ्लिंटमधल्या स्ट्युअर्टच्या बग्गी कारखान्यातून येत. विक्रीसाठी बग्गीचे विक्रेते तयारच होते. आसांसाठी ड्युरँटने चार्ल्स मॉट याला न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाहून कारखान्यासकट फ्लिंटला यायला लावले. स्पार्क प्लगसाठी ॲल्बर्ट शॅम्पियनला बॉस्टनहून आणले. जंगलापासून व्हार्निशपर्यंत सारे हाताशी ठेवण्याची बग्गीवाल्याची सवयच होती ती. १९०८ साली ब्यूइकने ८,००० वर मोटारी बनवल्या. ज्याचे नाव गाडीवर होते तो डेव्हिड ब्यूइक मात्र तोवर कंपनीतून बाहेर पडत होता. १९२९ साली तो डेट्रॉइटमध्ये गरिबीतच वारला.

१६ सप्टेंबर १९०८ रोजी ड्युरँटने जनरल मोटर्सची स्थापना केली. ब्यूइकच्या पाठोपाठ ओल्ड्समोबिल, ओकलंड, कॅडिलॅक अशा कंपन्या तो जोडत गेला. हेन्री फोर्डची कंपनी घ्यायचीही बोलणी झाली, पण फोर्डला रोकड हवी होती आणि बँकांनी पैसे द्यायचे नाकारले. दोघांच्या वाटा इथे स्पष्ट दिसतात. फोर्डने एकच मॉडेल घेतले आणि ते स्वस्त करत नेले. ड्युरँटने वेगवेगळ्या ऐपतींसाठी वेगवेगळी नावे ठेवली, जशी तो बग्ग्यांची ठेवत आला होता. पुढे जनरल मोटर्सचा प्रमुख झालेल्या आल्फ्रेड स्लोनने शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतींची नेटकी उतरंड लावली आणि त्या जोरावर जनरल मोटर्सने फोर्डला मागे टाकले. त्या व्यवस्थेचे श्रेय स्लोनचेच आहे. पण जी नावे त्याने रांगेत लावली ती ड्युरँटने गोळा केलेली होती.

ड्युरँटचा दोषही बग्गीतूनच आला, असे माझे ठाम मत आहे. दीड हजार डॉलरचा सौदा आधी करून मग पैसे शोधायचे, हे छोट्या गावात, ओळखीच्या बँकेत चालून गेले. कोट्यवधींच्या सौद्यांना ते पेलणारे नव्हते. १९१० साली रोकड आटली. बँकांनी दीड कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि पाच वर्षांसाठी कंपनीची सूत्रे काढून घेतली. त्या काळात कंपनी काटकसरीने सावरली ती चार्ल्स नॅशने. बग्गीच्या गाद्या भरणारा तो तरुण १९१२ मध्ये जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला.

बाहेर पडलेल्या ड्युरँटने शर्यतवीर लुई शेवरोलेच्या नावाने १९११ मध्ये नवी कंपनी काढली. त्याच सुमारास त्याने फ्लिंट वॅगन वर्क्सची जागा घेतली, म्हणजे ज्या गाडीवाल्यांनी ब्यूइक फ्लिंटला आणली होती त्यांच्याच आवारात शेवरोलेचाही पाया पडला. शेवरोले इतकी चालली की तिचे शेअर देऊन ड्युरँटने जनरल मोटर्सचे शेअर घेतले आणि १९१६ मध्ये कंपनी परत मिळवली. १९१९ मध्ये फिशर बंधूंच्या कंपनीत मोठा वाटा घेतला. हे बंधूही बग्गी बनवणाऱ्या घराण्यातले. त्यांनी घडवलेल्या लाखो मोटारींवर जे चिन्ह असे, ते घोड्यांच्या राजेशाही रथाचे होते. १९२० च्या मंदीत शेअरचा भाव सावरण्यासाठी ड्युरँटने उधारीवर खरेदी केली आणि तो पुन्हा बुडाला. या वेळी कंपनी कायमची गेली.

पुढची कहाणी थोडक्यात सांगता येते. त्याने ड्युरँट मोटर्स काढली, ती टिकली नाही. शेअरबाजारात मिळवले ते १९२९ नंतर गेले. १९३६ साली त्याने दिवाळे जाहीर केले तेव्हा देणे ९ लाखांवर डॉलर होते आणि मालमत्ता २५० डॉलर, तीही कपड्यांची. उतारवयात त्याने फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवला. मार्च १९४७ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये वारला. तीनच आठवड्यांनी हेन्री फोर्डही गेला.

त्याच्या गावाचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा मागोवा पुरा होत नाही. १९०० साली फ्लिंटची वस्ती सुमारे १३,००० होती, १९२० साली ती ९१,००० वर गेली. घरे पुरेनात म्हणून कामगार तंबूंत राहिले. ड्युरँटचे दिवाळे निघाले त्याच १९३६ च्या शेवटी फ्लिंटच्या कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडले. ४४ दिवसांनी जनरल मोटर्सला त्यांच्या संघटनेशी करार करावा लागला. बग्गीच्या कारखान्यात आरे बसवणाऱ्या कारागिराला मालक नावाने ओळखत असे. ती ओळख मोठ्या धंद्यात उरली नाही आणि तिची जागा लेखी हक्कांनी घेतली. मला हेही त्या वंशातले एक अपत्य वाटते, आणि सर्वांत मोलाचे.

या वंशाची एक फांदी महाराष्ट्रातही आली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि १९५० च्या दशकात तो बंद केला. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला दुसरा सुरू केला, तोही २०२० मध्ये थांबला. तळेगावच्या कामगारांनी त्या वेळी जो प्रश्न विचारला तो फ्लिंटच्या कामगारांचाच होता: एवढा मोठा धंदा उभा करताना तो चालवणाऱ्या हातांचा विचार कोणी करायचा? ड्युरँटने मागणी कशी मिळवायची, भाग कसे जमवायचे, नावे कशी पेरायची हे बग्गीवरून शिकून जगाला शिकवले. या प्रश्नाचे उत्तर त्या शिकवणीत नव्हते. ते फ्लिंटच्या कामगारांना स्वतः शोधावे लागले. म्हणून मोटारधंद्याच्या इतिहासात ड्युरँटच्या बरोबरीने त्यांचेही नाव घ्यायला हवे.