अंगणात आलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की तो कुणीतरी विचार करून घडवला असेल हे डोक्यातच येत नाही. सरकारी पाटी, खिचडी, वजनकाटा, मानधनवाढीसाठी निघालेला सेविकांचा मोर्चा, एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. पण मंडळी, हा शब्द ताराबाई मोडकांचा, आणि तो आला तो एका अडचणीतून.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण काय? तर माझ्या भाचेसुनेचा फोन. तिची लेक तीन वर्षांची. मोबाईलवर एक तक्ता आलाय, या वयात मूल काय काय करतं त्याचा. ती तो रोज ताडून बघते आणि रोज घाबरते. शिवाय ‘माँटेसरी’ असं छापलेला लाकडी खेळण्यांचा एक महागडा खोका मागवलाय, तो मुलगी उघडतसुद्धा नाही. तिला म्हटलं, थांब, तुला बोर्डीची गोष्ट सांगते. फोनवर ती अर्धीच झाली, म्हणून इथे पूर्ण.

सुरुवात इटलीत. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं ते सॅन लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत, कामगारांच्या मुलांसाठी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांची साधनं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली! आपल्याकडे हा विचार रुजवला गिजुभाई बधेकांनी. मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला कसं शिकवावं या विचारात पडले आणि वकिली सुटली ती सुटलीच. १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं. लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशावाली आई.

राजकोटला प्राचार्यपदाची चांगली नोकरी सोडून ताराबाई १९२३ च्या सुमारास त्यांना येऊन मिळाल्या. त्या काळातली पदवीधर बाई, संसार मोडलेला, पदरी लहान मुलगी. लोक काय बोलले असतील याची कल्पना आपण करू शकतो. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरचं शिशुविहार. शहरी मध्यमवर्गाला बालवाडी म्हणजे काय हे तिथे कळलं. इथेच थांबल्या असत्या तरी नाव झालंच असतं.

पण १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि वर्षाच्या आत वैधव्य आलं. त्यानंतर त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला आल्या.

आणि अडचण तिथे उभी राहिली. बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. येणार कशी? आई-बाप पहाटेच कामाला गेलेले, सहा-सात वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर राखणार. ती आली तर घर उघडं पडणार. तेव्हा या बायकांनी ठरवलं, मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाच्या अंगणात नेऊ. मुलं गोळा करायची, त्यांची तोंडं धुवायची, नखं कापायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं तेव्हा गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. नावं ठेवावीत तर अशी!

साधनांचं काय केलं, तेही सांगण्यासारखं आहे. माँटेसरीच्या पेटीत लाकडी दट्टे असतात, ज्याच्या त्याच्या भोकात बरोबर बसणारे. मूल ते तीन बोटांनी उचलतं आणि पुढे पेन्सिल धरायची बोटं आपोआप तयार होतात. ही पेटी बोर्डीला परवडणार कुणाला? मग शंख-शिंपले, चिंचोके, खडे, बिया, पानं आली. चिंचोका उचलायलाही तीच तीन बोटं लागतात. शिंपले लहानमोठे लावताना डोळ्याला तोच अंदाज येतो.

हे वाचून माझ्या वयाची मंडळी लगेच म्हणतील, “बघा, आमच्या वेळी सगळं असं घरातच व्हायचं, तक्ते कुणी पाहिले होते?” मला हे पटत नाही. बोर्डीच्या त्या झोपडीतही अंगण होतं, चिंचोके होते, माती होती. नव्हतं ते मुलाकडे जाणतेपणाने बघणारं, पोटभर वेळ असलेलं मोठं माणूस. ताराबाई-अनुताईंनी तेवढंच तिथे नेलं. आणि पूर्वी किती मुलं मागे पडत, किती दगावत, याचा हिशेब आपल्या आठवणीत नसतो.

नात्यातलंच उदाहरण. अडीच वर्षांचा मुलगा बोलत नव्हता. आम्ही ज्येष्ठ सगळे एका सुरात, “याचा बापही उशिराच बोलला.” आईने ऐकलं नाही, कान तपासून आणले. ऐकूच कमी येत होतं त्याला. यंत्र बसलं आणि वर्षभरात पोपट झाला. त्या आईचं निरीक्षण आमच्या चार अनुभवांपेक्षा खरं निघालं.

म्हणून तक्ता टाकून देऊ नये, पण तो काय आहे ते समजून घ्यावं. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२२ साली आपला तक्ता बदलला. पूर्वी त्यात साधारण निम्मी मुलं जे करतात ते लिहिलेलं असे, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांच्या आया उगीच काळजीत. आता चारातली तीन मुलं जे करू लागतात ते लिहिलंय. रांगणं तर काढूनच टाकलं, कारण काही मुलं रांगतच नाहीत, उठून थेट चालायला लागतात. पण येत असलेले शब्द मूल विसरायला लागलं, किंवा मनात सारखी शंका येत राहिली, तर वाट बघू नये, डॉक्टरांकडे जावं.

त्याच तक्त्यात तिसऱ्या वर्षी मणी ओवणं आहे, चौथ्या वर्षी काही बटणं काढणं आणि पाचव्या वर्षी एका पायावर उड्या. म्हणजे आपली लंगडीच की! भाचेसुनेला सांगितलं, लेकीला शेजारी बसवून मटार सोलायला घे. दोरा आणि मोठे मणी दे. कणकेचा गोळा दे, चपातीचा भारताचा नकाशा होऊ दे. आजोबांचा जुना सदरा दे बटणांसाठी. आणि ती करत असताना तू मोबाईल बघू नकोस, तिच्याकडे बघ.

असो. कोसबाडची गोष्ट थोडी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. ताराबाई १९७३ सालीच गेल्या होत्या. अनुताईंना मात्र हे बघायला मिळालं. त्या १९९२ पर्यंत कोसबाडच्या कामात होत्या. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यातल्या बऱ्याच भाड्याच्या खोलीत भरतात, अंगण नसलेल्या.

भाचेसुनेचा काल पुन्हा फोन होता. मटार सोलून झाले, म्हणाली, निम्मे पोटात गेले. आणि तो लाकडी खेळण्यांचा खोका रिकामा करून मुलीने त्यात बाहुलीचं घर मांडलंय.