अठरा लिटरांचा हिशेब

स्पेनमधल्या हेरेसच्या कुठल्याही बोदेगात, म्हणजे वाइनच्या कोठारात, जा, बोलणं फिरून फिरून १५वर येतं. १५ टक्के अल्कोहोल. फिनो आणि मान्सानिया या फिक्या, कोरड्या शेरींसाठी ठरलेला किमान आकडा. पालोमिनो द्राक्षाचा रस आंबून स्वतःच्या बळावर साधारण ११-१२पर्यंत पोचतो. पुढची मजल बाहेरून आणलेलं स्पिरिट मारून देतं. हे स्पिरिट ९६ टक्क्यांचं, बहुतेक ला मांचाच्या पठारावरून येणारं. ते आधी जुन्या शेरीत निम्मंनिम्म मिसळतात आणि मग नव्या वाइनमध्ये सोडतात, म्हणजे तिला एकदम धक्का बसत नाही. तिथली पिंपं ६०० लिटरची, पण भरतात ५००पर्यंतच. १२ टक्क्यांची वाइन १५वर न्यायची तर एका पिंपाला सुमारे १८ लिटर स्पिरिट लागतं. पेशाची खोड, मी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिला. शेरीची म्हणून जी परंपरा सांगतात, तिच्यातून हे १८ लिटर वजा केले तर काय उरतं, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

आधी त्या पिंपातल्या रिकाम्या जागेबद्दल. नाशिककडे वायनरीत काम शिकले तेव्हा पहिला धडा होता टाकी काठोकाठ भरलेली ठेवण्याचा. वर हवा राहिली की पांढुरकी पापडी धरते, आणि मग ज्याची टाकी त्याने बोलणी खायची. इथे सहावा हिस्सा मुद्दाम मोकळा. सानलुकार दे बारामेदाला काचेचं तोंड बसवलेलं एक पिंप पाहिलं. वाइनवर मळकट पांढरा, सुरकुतलेला थर, लोणच्याच्या खाऱ्या पाण्यावर धरतो तसा. याला फ्लोर म्हणतात. हे यीस्टच, आणि तेही रस आंबवणाऱ्या जातीचंच. फक्त साखर संपल्यावर तळाशी जाऊन मरण्याऐवजी या पेशी एकमेकींना चिकटून वर तरंगतात. मग वरच्या हवेतला प्राणवायू आणि खालचं अल्कोहोल, ग्लिसरॉल खाऊन जगतात. हवा वाइनपर्यंत पोचू देत नाहीत, म्हणून रंग फिका राहतो. ग्लिसरॉल गेल्यामुळे ती जिभेवर अगदी रुक्ष, सडसडीत लागते. बदामाचा आणि कापलेल्या सफरचंदाचा जो वास येतो तो यातूनच तयार होणाऱ्या अॅसिटाल्डिहाइडचा. आमच्याकडे हाच वास आला की टाकीवर लाल खडूने फुली पडते.

तिथले कापाताझ, म्हणजे तळघराचे मुख्य, लांब लवचीक दांड्याची अरुंद वाटी घेऊन आले. वेनेन्सिया. ती त्यांनी पिंपाच्या भोकातून तिरकी नाही, सरळ खाली, एका झटक्यात घातली. थर तेवढ्यापुरता फाटला, वाटी खालून भरून वर आली आणि हातभर उंचीवरून धार पेल्यात पडली. पेल्यात पांढरा कपटा तरंगत होता. तो काढावासा त्यांना वाटला नाही.

फ्लोरला १५च्या आसपास सगळ्यांत बरं वाटतं, १७च्या पुढे ती मरते. खाली, १२लाही ती धरते. पण तिथे शिरक्याचे जिवाणूही जोर करतात. म्हणजे स्पिरिट घालण्यात शहाणपण नाही असं कुणी म्हणू नये. शास्त्र १५च्या बाजूने आहे. माझा मुद्दा इतकाच, की १५ला पोचायला दुसरीही वाट होती आणि ती द्राक्षबागेतून जात होती.

१९व्या शतकातल्या वर्णनांत ती दिसते. हेन्री व्हिझेटेली हा इंग्रज पत्रकार १८७५च्या सुगीत हेरेसला आला आणि पुढच्या वर्षी त्याने शेरीवर पुस्तक काढलं. घड खुडून एस्पार्तो गवताच्या गोल चटयांवर उन्हात मांडायचे, मग खिळे ठोकलेले जोडे घालून गडी ते तुडवायचे, हे त्याने जवळून पाहिलं. त्याच्या दोनच वर्षं आधी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये डॉ. थुडिखुम यांचं पत्र छापून आलं होतं: शेरीत जिप्सम घालतात, वर स्पिरिट ओततात, हे आरोग्याला घातक. त्या वर्षी निर्यात शिखरावर होती, त्यानंतर घसरत गेली. डॉक्टरांचं सगळंच बरोबर होतं असं नाही; पण स्पिरिटचं प्रमाण जहाजावर चढणाऱ्या पिंपांत मोठं होतं ही गोष्ट खरी. वाइन लांबच्या प्रवासात टिकावी आणि इंग्रज गिऱ्हाइकाला ऊब वाटावी, यासाठी ते होतं.

खरं तर वाइन जुनी करत ठेवायची मुभाच आधी नव्हती. हेरेसच्या वाइन-संघाची १७३३ची नियमावली बागायतदारांच्या बाजूची होती: माल दरवर्षी नवा विकला जावा, व्यापाऱ्यांनी साठे करून भाव पाडू नयेत. संघ १८३४मध्ये मोडला आणि मग ती देवळासारखी उंच छपराची, ओल्या वाळूची जमीन असलेली कोठारं उभी राहिली. म्हणजे जिला आपण शेरीची अनादी परंपरा म्हणतो, तिचा मोठा भाग बऱ्यापैकी अलीकडचा.

आता चटयांचा हिशेब. १२ टक्क्यांचा रस उन्हात आटवून १५वर न्यायचा तर पाचवा हिस्सा पाणी हवेत जातं. ५०० लिटरच्या पिंपाला ६२५ लिटरची द्राक्षं लागतात. एकीकडे १२५ लिटर गमवायचे, वर घड मांडायची, उलटायची, रात्री दवापासून झाकायची मजुरी. दुसरीकडे १८ लिटर ओतायचे. कुठला धनी काय निवडेल, हे सांगायला अर्थशास्त्री नको. १८९४मध्ये फिलॉक्सेरा किडीने बागा खाल्ल्या, नव्याने लावताना जवळपास सगळीकडे पालोमिनोच आली. १९३५मध्ये नियामक मंडळ आलं. १९६०-७०च्या दशकांत शेरीचा बाजार फुगला, भरघोस पिकणारी पण साखरेला हलकी रोपं लावली गेली, क्षेत्र २० हजार हेक्टरांच्या वर गेलं. मग मागणी पडली. आज सात हजारांच्या आसपास उरलंय. स्पिरिट होतंच, त्यामुळे द्राक्ष पाणचट असलं तरी कुणाला फरक पडत नव्हता.

आणि शेजारी? कोर्दोबाजवळच्या मोंतियात पेद्रो हिमेनेस द्राक्ष कडक उन्हामुळे आपसूकच १५पर्यंत जातं. तिथला फिनो स्पिरिटशिवाय फ्लोरखाली राहत आलाय. हेरेसवाल्यांना हे उदाहरण काढलेलं फारसं आवडत नाही.

शेरीचं पुनरुज्जीवन म्हणतात ते याच स्पिरिटविना वाटेवरून सुरू होतं. एकिपो नावासोस या वाइन-गटाने पोर्तुगालच्या डर्क नीपोर्टबरोबर २००८च्या पालोमिनोची वाइन जुन्या पिंपात आंबवली, काही महिने फ्लोरखाली ठेवली आणि स्पिरिट न घालता बाटलीत भरली. चढ फारसा नाही, जेवणासोबत प्यायची. विली पेरेस यांनी २०१३पासून कारास्कालच्या टेकडीवरचे घड उन्हात मांडून, स्पिरिटविना ला बाराहुएला फिनो केला. सानलुकारचे रामिरो इबान्येस एकेका बागेची वाइन वेगळी ठेवतात: कुठली समुद्राकडची, कुठली आतल्या उष्ण भागातली. मला यातलं शेवटचं काम सगळ्यांत मोलाचं वाटतं. आल्बारिसाची पांढरी, चुनखडीची माती हिवाळ्यातला पाऊस धरून ठेवते. माचार्नुदो, बालबाईना, मिराफ्लोरेस ही बागांच्या टापूंची नावं इथे पिढ्यान् पिढ्या तोंडी आहेत. मोठ्या कोठारांत मात्र सगळ्या बागांचा रस एकत्र जाई आणि लेबलवर फक्त मालकाचं नाव येई. फ्लोर थोडा काळ असली आणि स्पिरिट नसलं, की माती चवीत डोकावते.

नियमांना हे पचायला वेळ लागला. नैसर्गिकपणे १५ला पोचलेला फिनोही स्पिरिट नाही म्हणून हेरेसचं नाव लावू शकत नव्हता. २०२१-२२मधल्या बदलांनी ती सक्ती गेली. १२-१३ टक्क्यांच्या हलक्या वाइनना मात्र ते दार उघडलं नाही. त्या बहुतेक कादिझ प्रांताची वाइन म्हणून विकल्या जातात आणि किमतीने कित्येकदा ओळखीच्या फिनोहून महाग असतात. त्याच बदलांत फिलॉक्सेराच्या आधीच्या काही द्राक्षांना परत परवानगी मिळाली: पेरुनो, बेबा, मांतुओ कास्तेयानो, कान्योकासो. सिमोन दे रोखास क्लेमेंते यांनी १८०७च्या ग्रंथात अंदालुसियातल्या द्राक्षजातींची नोंद केली, त्या काळातली ही नावं. यांतल्या काही जातींची रोपं शोधायला लोक आता जुन्या बागांचे कोपरे धुंडाळताहेत, आणि पालोमिनोच्या ओळीत उगवलेली एखादी वेगळ्या पानाची वेल उपटायच्या आधी तिच्यापाशी थांबतात.