महाविद्यालयीन खेळाडूंचा मोबदला, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आंतरमहाविद्यालयीन सामने खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे द्यावेत की नाही, हा वाद फार जुना आहे. ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हँपशर राज्यातील विनिपसॉकी सरोवरावर हार्व्हर्ड व येल यांच्यात झालेली नौकाशर्यत ही तेथील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते. उतारूंची संख्या वाढावी म्हणून एका लोहमार्ग कंपनीने तिचा खर्च सोसला होता. ‘हौशी’ खेळाचा प्रारंभच असा व्यापारी होता.

फुटबॉलमधील प्राणघातक दुखापतींमुळे १९०५ साली अध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना पाचारण केले. त्यानंतर १९०६ मध्ये जी संघटना स्थापन झाली, ती १९१० पासून ‘एनसीएए’ (राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना) म्हणून ओळखली जाते. खेळाडूस वेतन देऊ नये, हा तिचा दंडक कागदावरच राहिल्याचे कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ च्या अहवालाने दाखवून दिले. १९५६ मध्ये संघटनेने क्रीडानैपुण्यावर आधारलेल्या शिष्यवृत्त्यांना मान्यता दिली. पण शिष्यवृत्ती घेऊन खेळणारा हा नोकर की विद्यार्थी, हा पेच कायम राहिला.

त्याचे निर्णायक स्वरूप कोलोरॅडो राज्यातील दोन खटल्यांत दिसते. डेन्व्हर विद्यापीठाच्या नेमेथ या जखमी खेळाडूला त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये कर्मचारी मानले. कारण विद्यापीठातील त्याचे काम फुटबॉल खेळण्यावरच अवलंबून होते. १९५५ मध्ये रे डेनिसन हा विवाहित खेळाडू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेची नुकसानभरपाईची मागणी मात्र त्याच न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळली. महाविद्यालय हे फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ‘विद्यार्थी-क्रीडापटू’ ही संज्ञा संघटनेने याच सुमारास रूढ केली. अशा दाव्यांचे दायित्व टाळणे हा तिचा हेतू होता, अशी कबुली संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिली.

शिक्षण हाच खेळाडूचा मोबदला होय, असे वेतनाचे विरोधक म्हणतात. फुटबॉल व बास्केटबॉल यांच्या उत्पन्नावर इतर खेळ पोसले जातात व ते उघडे पडतील, हा त्यांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तथापि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी-प्रक्षेपणावरील संघटनेची मक्तेदारी मोडल्यानंतर मोठ्या विद्यापीठांचे उत्पन्न व प्रशिक्षकांचे पगार बेसुमार वाढले. खेळाडूच तेवढा हौशी राहिला. गंमत अशी की, खेळाडूंना वेतन नसावे असे त्याच निकालात ओघाने आलेले विधान संघटनेने पुढे अनेक वर्षे ढालीसारखे वापरले.

२१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील संघटनेची मर्यादा एकमताने अवैध ठरविली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व छबीचा जाहिरातींसाठी मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार माजी व विद्यमान खेळाडूंना सु. २८० कोटी डॉलर भरपाई ठरली. तसेच २०२५-२६ या वर्षी प्रत्येक सहभागी विद्यापीठास सु. २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट देण्याची परवानगी मिळाली. खेळाडू हा नोकर ठरतो काय, या डेनिसन खटल्यातील प्रश्नाला मात्र तडजोडीने हात घातला नाही.