बिअरची प्रत कोणी ठरवायची?

पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेथे गेलो की आम्ही भिंतींची जाडी पाहत नाही. शिबंदीतल्या कोणाला किती आणि कोणते धान्य मिळत असेल, हाच विचार मनात येतो. कामगार चळवळीत केस पिकले, त्याचा हा दोष म्हणा. आजचा विषय बिअर आहे, आणि तीही कोठारातल्या धान्याचीच: मोड आणून भाजलेला जव, पाणी, हॉप्सची कडवट फुले आणि यीस्ट.

देशोदेशींच्या बिअर चाखून त्यांना गुण देण्याची हौस अलीकडची समजतात. मायकेल जॅक्सन नावाच्या इंग्रज लेखकाने (नाचणारा तो निराळा) १९७७ साली जगातील बिअरची जातवार मांडणी करणारा ग्रंथ काढला आणि या हौसेला शिस्त आली. स्पर्धांत नाव झाकून पेला पुढे ठेवतात. रंग, फेस, वास, कडवटपणा पाहून गुण देतात.

पण प्रतवारी याहून फार जुनी आहे, आणि ती जिभेने नव्हे, पगारपत्रकाने केलेली आहे. सुमेरमधल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर सरकारी जासुदांच्या शिध्याचे हिशेब आहेत. त्यांत उत्तम बिअर वेगळी, साधी वेगळी.

इजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. साध्या कारागिराला महिन्याला ४ खार गहू आणि दीड खार जव. मुकादमाला साडेपाच खार गहू आणि २ खार जव. गहू भाकरीसाठी, जव बिअरसाठी. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, हा शिधा थकला. कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, वस्तीबाहेर पडले आणि देवळामागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हांला येथे घेऊन आली, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले. लिखित इतिहासातला हा पहिला संप. त्याचा कागद इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. तो संप थोडा थोडा शिधा मिळवत मिळवत चालला. आमच्यापैकी ज्यांनी संप चालवले आहेत त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

आपल्याकडे बिअर आली ती कंपनीच्या जहाजांतून. लंडनच्या हॉजसनची फिकी, कडवट बिअर साहेबांच्या मेजावर असे. गोऱ्या शिपायाला काळी पोर्टर. १८२० नंतर बर्टनच्या ऑलसॉपने हॉजसनचा नमुना चाखून तशीच बिअर बनवली व बाजार काबीज केला. याच काळात येथल्या ताडी-मोहाचे काय झाले? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढणे परवान्याखाली आले. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले साठवणेही बंधनात आले. त्या पेयांना गुण द्यायला कोणी परीक्षक बसला नाही.

आता सरकारची प्रतवारी दोनच खणांची आहे: ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असेल तर सौम्य, त्यावर ८ पर्यंत तीव्र. देशात खप मोठा तो तीव्र बिअरचा. एका रात्रपाळीच्या गड्याला आम्ही विचारले, बाबा, चव कशी लागते? तो म्हणाला, "चव कोण बघतंय, साहेब? सकाळी सातला घरी जायचं, आणि पत्र्याखाली दिवसा झोप लागायला पाहिजे."