एका होकाराने पुसला गेलेला डेस्कटॉप : लिनक्समधील अवलंबित्वाचा इतिहास

१/ नोव्हेंबर २०२१. कॅनडातील ख्यातनाम यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन याने पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर ‘स्टीम’ हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. प्रणालीच्या अॅप-दुकानाने नकार दिला, म्हणून त्याने टर्मिनल उघडले. तिथे इशारा उमटला : अत्यावश्यक पॅकेजेस काढली जातील, तरीही पुढे जायचे असल्यास ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य टंकावे. त्याने ते टंकले आणि सारा डेस्कटॉपच नाहीसा झाला. लाखो प्रेक्षकांनी पाहिलेल्या या प्रसंगामागे जवळजवळ तीन दशकांचा इतिहास आहे.

२/ लिनक्सवरील प्रोग्रॅम सहसा एकटा नांदत नाही. खिडकी रेखाटणारी, अक्षरे उमटवणारी, आवाज काढणारी अशा अनेक लायब्रऱ्यांवर तो उभा असतो, आणि प्रत्येकीची विशिष्ट आवृत्तीच त्याला चालते. या गरजेलाच अवलंबित्व अथवा डिपेंडन्सी म्हणतात.

३/ जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर आले. त्यातील पॅकेज म्हणजे फायलींचे गाठोडे. कशाला काय लागते याची नोंद नसे. ती वापरणाऱ्याने ध्यानात ठेवायची.

४/ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. डेबियनचे डीपीकेजी आणि १९९५ मधील रेड हॅटचे आरपीएम ही साधने पॅकेजच्या गरजा तपासू लागली. मात्र ती केवळ नकार देत. उणे असलेली वस्तू आणून देत नसत. ‘क’ला ‘ख’ हवे, ‘ख’ला ‘ग’ हवे, आणि ‘ग’चे आधीच्या ‘घ’शी वैर! या फेऱ्याला ‘डिपेंडन्सी हेल’, म्हणजे अवलंबित्वाचा नरक, हे नाव पडले.

५/ ग्राफिकल डेस्कटॉप आले आणि हा गुंता वाढला. १९९६ मध्ये माथियास एट्रिश यांनी केडीई प्रकल्प जाहीर केला. १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. मार्च १९९९ मधील ग्नोम १.० साठी जीटीके, इमलिब, ऑर्बिट अशा लायब्रऱ्यांची मोठी रांग लागे. एक जरी चुकीच्या आवृत्तीची निघाली, तरी पडद्यावर डेस्कटॉप दिसत नसे.

६/ अवलंबित्व कायद्याचेही असते. केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर उभे होते, तिचा परवाना केडीईच्या जीपीएल परवान्याशी जुळत नव्हता. म्हणून ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या संग्रहातून वगळले. ग्नोमचा जन्मही याच असमाधानातून झाला होता. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आली आणि तो अडसर दूर झाला.

७/ तांत्रिक उत्तर दिले ते ‘एप्ट’ने. १९९८ मध्ये अवतरलेले हे साधन मार्च १९९९ मधील डेबियन २.१ सोबत सर्वांपर्यंत पोहोचले. ते अवलंबित्वांची साखळी स्वतः उलगडी, लागेल ते उतरवून घेई आणि योग्य क्रमाने बसवी. ब्राझीलच्या कोनेक्टिवाने ते आरपीएमच्या जगात नेले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ‘यम’ घडले.

८/ तरीही प्रश्न मिटला नाही. दिलेल्या संग्रहातून एखादे पॅकेज बसवता येईल का, हा प्रश्न गणिती परिभाषेत एनपी-कम्प्लीट असल्याचे युरोपीय संशोधकांनी दाखवून दिले. २००८ च्या ओपनसुसे ११.० ने त्यासाठी सॅट सॉल्व्हर वापरला. पण अशी साधने तर्क चालवतात, हेतू ओळखत नाहीत. आवृत्त्यांचा मेळ बसत नसेल, तर ‘डेस्कटॉप काढा’ हेही त्यांच्या लेखी बिनचूक उत्तर ठरते. २०२१ मध्ये नेमके हेच घडले.

९/ या इतिहासातून निघणारी उपाययोजना साधी आहे. प्रथम पॅकेजांची यादी ताजी करावी. वेगवेगळ्या आवृत्त्यांचे संग्रह मिसळू नयेत. रोखून ठेवलेले पॅकेज आहे का ते पाहावे. प्रत्यक्ष बदलापूर्वी एप्टची रंगीत तालीम घ्यावी आणि ‘काढली जाणारी पॅकेजेस’ हा भाग आधी वाचावा. डेस्कटॉप गेलाच, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुरी टर्मिनल गाठावे, अर्धवट पॅकेजेस दुरुस्त करावीत आणि डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज पुन्हा बसवावे.

१०/ त्या प्रसंगानंतर पॉप ओएसने दोष दुरुस्त केला. एप्टच्या विकासकांनीही नियम कडक केले : केवळ एक वाक्य टंकून अत्यावश्यक पॅकेजेस काढण्याची वाट बंद झाली, त्यासाठी आता आज्ञेतच वेगळा पर्याय स्पष्टपणे लिहावा लागतो. अॅप-दुकानाचा तो पहिला नकार मात्र आरंभापासूनच योग्य होता. १९९० च्या दशकात वापरकर्ते ज्या नकाराला वैतागले, त्यानेच २०२१ मध्ये धोक्याची पहिली सूचना दिली होती.