मीटिंगच्या ‘इनव्हाइट’ची कुळकथा

ईमेलमधून येणाऱ्या मीटिंगच्या ‘इनव्हाइट’सोबत ‘आयसीएस’ नावाची एक छोटी फाइल असते. विषय, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, बोलावणाऱ्याचा पत्ता आणि त्या मीटिंगचा स्वतंत्र ओळखक्रमांक तिच्यात साध्या ओळींमध्ये लिहिलेला असतो. आउटलुक, गूगल कॅलेंडर, ॲपल कॅलेंडर आणि थंडरबर्ड हे सगळे प्रोग्राम ही फाइल वाचतात. तरीही एकच मीटिंग एकाच्या कॅलेंडरात साडेबाराला आणि दुसऱ्याच्या कॅलेंडरात दीडला दिसते.

या फाइलचा पूर्वज म्हणजे ‘व्हीकॅलेंडर’. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ या गटाने तो १९९६ साली जाहीर केला. त्यातून नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे इंटरनेटचे मानक तयार झाले. लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन हे त्याचे लेखक. २००९ साली मानकाची सुधारित आवृत्ती आली.

मात्र फाइल कशी लिहायची हे ठरल्याने कॅलेंडरे आपोआप जुळत नाहीत. इनव्हाइट हे एकदा पाठवलेले पत्र आहे, तर सिंक म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदींशी सतत चालणारी देवाणघेवाण. तिच्यासाठी ‘कॅलडॅव्ह’ हे मानक २००७ साली आले. गूगल, ॲपल व थंडरबर्ड ते वापरतात. आउटलुक आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरने मात्र आपली वेगळी पद्धत ठेवली. मीटिंग बदलली की तिचा ओळखक्रमांक तोच राहतो आणि बदलाचा अंक वाढतो. एखाद्याने नोंदीची नक्कल करून नवी मीटिंग केली, तर तिला नवा क्रमांक मिळतो आणि मूळ मीटिंगमधले बदल तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

खरी गुंतागुंत वेळेची आहे. पुण्याजवळ, पवनाकाठच्या थेरगावातून लोक हिंजवडी आणि चाकणला कामाला जातात. चाकणला फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना २००९ साली सुरू झाला. अशा कामात जर्मनीत सकाळी ९ ला ठरलेली मीटिंग इथे उन्हाळ्यात दुपारी १२.३० ला येते आणि हिवाळ्यात १.३० ला, कारण तिथे मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासाने सरकतात. अमेरिकेत हा बदल २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत जर्मनी आणि अमेरिकेच्या वेळांमधले नेहमीचे अंतर बिघडते. दर आठवड्याची मीटिंग शहराच्या घड्याळाऐवजी जागतिक वेळेत (यूटीसी) साठवली, की ती तासाने हलते.

नावांचाही घोळ आहे. बहुतेक प्रोग्राम आपल्या वेळेला ‘एशिया/कोलकाता’ म्हणतात, विंडोज तिला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणते. ‘आयएसटी’ हे लघुरूप तर इस्रायल व आयर्लंडही वापरतात. अनोळखी नाव दिसले की काही प्रोग्राम स्वतःचीच वेळ गृहीत धरतात. दिवसभराची नोंद मध्यरात्रीची वेळ घालून साठवली, तर ती एक दिवस मागे सरकू शकते, कारण आपली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीचे १८.३०.

दोन घड्याळांचा हा त्रास महाराष्ट्राला नवा नाही. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ पुढची अनेक दशके चालू ठेवला. तेव्हा वेळ सांगताना ती कुठल्या घड्याळाची, हेही सांगावे लागे.

आजही उपाय तोच आहे. मीटिंग एकाच कॅलेंडरातून बोलवावी, बदल त्याच नोंदीत करावेत आणि वेळेसोबत शहराचे नाव लिहावे.