चिंचोके संपले तर?

नववीच्या सहलीत मुक्कामाच्या रात्री आपण चिंचोके लावून तीन पत्ती खेळलो होतो, आठवतंय? माझ्या हातात तीन राजे आले आणि नेमके तेव्हाच माझे चिंचोके संपले. समोरच्याकडे (नाव घेत नाही, तोही ही स्मरणिका वाचणार आहे) रुमालभर होते. त्याने चाल वाढवली. "नाहीत ना? मग पॅक!" असा निकाल सगळ्यांनी एकमुखाने दिला. पुढे पोकरचा इतिहास वाचायची गोडी लागली, तेव्हा कळलं की माझं गाऱ्हाणं फार जुनं आहे.

पोकर रुजला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यू ऑर्लिन्समध्ये आणि मिसिसिपीवरच्या आगबोटींवर. जो काउवेल या इंग्रज नटाने १८२९ साली बोटीवर पाहिलेल्या डावाचं वर्णन १८४४ च्या आपल्या आठवणींत केलं आहे. त्या काळी पानं फक्त २०, दश्शीपासून एक्क्यापर्यंत. चौघांना पाच-पाच वाटली की गठ्ठा संपला. बोली लावायची फेरीही एकच. पुढे ५२ पानं आली, पानं बदलून घेण्याची मुभा आली, 'स्टड' प्रकारात काही पानं उघडी वाटू लागले. फेऱ्या वाढल्या. ड्रॉमध्ये दोन, आजच्या टेक्सस होल्डेममध्ये चार. आणि प्रत्येक फेरीला खिसा रिकामा होण्याची नवी संधी!

श्रीमंताने नुसत्या पैशाच्या जोरावर समोरच्याला उठवायचं का? यावर 'टेबल स्टेक्स'चा नियम आला. पानं वाटताना टेबलावर जेवढे पैसे, तेवढेच त्या डावात खेळायचे. मध्येच खिशात हात घालायचा नाही आणि जिंकलेले हळूच खिशात सारायचेही नाहीत. वेस्टर्न सिनेमात जमिनीचा कागद पत्त्यांवर फेकतात, ते यात बसत नाही. ज्याचे पैसे संपले तो 'ऑल-इन', पण डावात कायम. समजा माझे ३० चिंचोके, बाकी दोघांचे १००-१००, आणि तिघांनीही सगळे लावले. मुख्य ढीग ९० चा, त्यावर माझा हक्क. उरलेले १४० बाजूच्या ढिगात, ते त्या दोघांचं आपसात. हा हिशेब सोपा वाटतो. वेगवेगळ्या रकमांचे पाच जण ऑल-इन झाले की प्रोग्राम लिहिताना घाम फुटतो, हे अनुभवाने सांगते.

किती वाढवायचं, याच्याही तीन तऱ्हा. 'फिक्स्ड लिमिट'मध्ये रक्कम ठरलेली, होल्डेमच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत दुप्पट. 'नो लिमिट'मध्ये टेबलावरचं सगळं एकदम लावता येतं. 'पॉट लिमिट'मध्ये ढीग असेल तेवढंच वाढवायचं, पण आधी समोरच्याची बोली भरून मग ढीग मोजायचा. ढिगात १००, त्याने लावले ५०, मी ५० भरले की झाले २००. म्हणजे आणखी २०० वाढवता येतात. नवशिके १५० वरच थांबतात.

आपली तीन पत्ती मात्र पोकरची लेक नव्हे. ती ब्रिटिशांच्या 'ब्रॅग'मधून आली, आणि ब्रॅगवर एडमंड हॉइलने १७५१ मध्येच पुस्तिका काढली होती. पानं न पाहता ब्लाइंड खेळणाऱ्याने निम्मे लावायचे, ही गंमत पोकरमध्ये नाही. ब्लाइंडला १० लागत असतील तर पानं पाहिलेल्याला निदान २०. अज्ञानाला इतकी सवलत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही! मात्र तीन पानी ब्रॅगमध्ये पैसे संपलेल्याने उरलेलं सगळं ढिगात टाकून त्यावर आपली पानं पालथी ठेवायची सोय आहे. बाकीचे नवा ढीग सुरू करतात, आणि शेवटी त्यातल्या विजेत्याशी त्याची पानं ताडून पाहतात. म्हणजे माझे तीन राजे वाचले असते. आपल्या सहलीतल्या नियमांत तेवढं कलम गळालं होतं.

यंदाच्या स्नेहमेळाव्याला चिंचोके मी आणते आहे. प्रत्येकाला ५०, आणि रुमाल आधी तपासले जातील.